पन्हाळ्याची उंची घड्याळात चुकते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्हाळा–पावनखिंड मोहिमांचे दिवस जवळ आले की मनगटावरच्या स्पोर्ट्स वॉचबद्दलची एक तक्रार हमखास कानावर येते. पन्हाळ्याच्या तीन दरवाजात एकाच वेळी उभ्या असलेल्या तिघांच्या घड्याळांत उंचीचे तीन आकडे दिसतात आणि त्यांत साठ-सत्तर मीटरची तफावत असते. मग ‘घड्याळ बिघडले’ असा निष्कर्ष निघतो. कोणी ते दुकानात परत घेऊन जातो, तर कोणी त्याच्या कडेच्या बारीक भोकात टाचणी घालून चांगले घड्याळ कायमचे खराब करतो. यातली बरीच घड्याळे मुळात ठणठणीत असतात. पंधरा-वीस हजारांची वस्तू गैरसमजापायी वाया जाऊ नये, म्हणून हे सविस्तर पत्र.

घड्याळाला उंची थेट कळत नाही. त्याच्या कडेला किंवा पाठीला दोन-तीन बारीक भोके असतात आणि त्यांच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. समुद्रसपाटीला दाब 1013.25 हेक्टोपास्कल (हे दाबाचे एकक) आहे असे गृहीत धरून, ठरलेल्या सूत्राने घड्याळ दाबावरून उंची काढते. दाब 949 भरला तर ते साधारण 550 मीटर दाखवते, म्हणजे जवळपास कोल्हापूर शहराची उंची. आपल्या भागात दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की घड्याळाच्या लेखी आपण सुमारे 9 मीटर वर चढलो. हा 9 चा आकडा लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

सेन्सर स्वतः फार नाजूक फरक टिपतो. उदाहरणादाखल बॉशचा बीएमपी 280 हा सेन्सर घ्या. त्याच्या माहितीपत्रकात सापेक्ष अचूकता 0.12 हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे एक मीटर, अशी दिली आहे. पण निरपेक्ष अचूकता एक हेक्टोपास्कल, म्हणजे आठ-नऊ मीटर. ‘इथून तिथे किती चढलो’ हे घड्याळ उत्तम सांगते. ‘समुद्रसपाटीपासून किती वर आहे’ हे मात्र त्याला आपण सांगावे लागते. बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

आता हवेकडे येऊ. समुद्रासारखी वातावरणालाही भरती-ओहोटी असते आणि आपल्या अक्षांशांवर ती ठळक जाणवते. रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब 3 ते 4 हेक्टोपास्कलने उतरतो, पावसाळ्यात त्याहून थोडा कमी. म्हणजे दहा वाजता बरोबर उंची भरून लावलेले घड्याळ टेबलावर नुसते ठेवले, तरी चार वाजता ते 27 ते 36 मीटर जास्त उंची दाखवणार. हा बिघाड नव्हे. ऋतूचा फरक तर याहून मोठा. जुलैमधला सरासरी दाब जानेवारीपेक्षा आठेक हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणून हिवाळ्यात लावलेले घड्याळ आषाढात तसेच घातले तर सत्तरेक मीटरची चूक घेऊनच आपण घराबाहेर पडतो. तीन दरवाजातला तिघांचा वाद बहुधा एवढ्यावरच मिटतो. तिघांनी घड्याळ कधी लावले, ते विचारावे.

तापमानाचा मुद्दा मात्र जाणकारही विसरतात. घड्याळातले सूत्र समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस धरते आणि दर किलोमीटरला साडेसहा अंश वजा करते. त्या हिशेबाने कोल्हापुरात साडेअकरा अंश असायला हवेत. एप्रिलच्या दुपारी इथे 35 असतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच चढाला दाब कमी उतरतो आणि घड्याळ चढ सुमारे 8 टक्क्यांनी कमी मोजते. पायथ्यापासून पन्हाळ्यापर्यंतचा 400 मीटरचा चढ 370 च भरतो. पहाटे 22 अंशांत हीच तूट चार टक्क्यांवर येते आणि 385 च्या आसपास आकडा दिसतो. घड्याळातला तापमापक इथे कामाला येत नाही, कारण मनगटाच्या उबेने तो हवेपेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. आपल्याकडे हवा कायमच त्या सूत्रापेक्षा गरम असल्याने ही तूट नेहमी एकाच बाजूला पडते.

बिघाड खरा की हवेचा, हे ओळखायला जिना पुरतो. एक मजला साधारण तीन मीटरचा. घड्याळ उंचीच्या पडद्यावर ठेवून तळमजल्याचा आकडा वाचा, पाच मजले चढा, वर मिनिटभर थांबा आणि पुन्हा वाचा. फरक 13 ते 17 मीटर आला तर सेन्सर उत्तम आहे, फक्त मूळ उंची नव्याने भरायची आहे. फरक दोन-तीन मीटरच आला किंवा आकडा हललाच नाही तर भोके तुंबली आहेत. दुसरी चाचणी रंकाळ्याची. तलावाला पूर्ण फेरी मारून निघालेल्या जागीच परत या. पाऊण तासात सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीत पाच-सहा मीटरचा फरक पडला तर तो हवेचा धरावा. वीस-तीस मीटरचा पडला आणि घड्याळातल्या उंचीच्या आलेखात मध्येच उभी उडी दिसली, तर कारण भोकांत शोधावे. हवेमुळे आकडा सावकाश सरकतो, तर तुंबलेल्या भोकामुळे तो अडकून बसतो आणि मग एकदम उडतो. आलेख डोळ्यांसमोर असला की हा फरक चटकन कळतो.

भोके तुंबतात ती घामाच्या मिठाने, सनस्क्रीनने, साबणाच्या थराने आणि मसाई पठाराच्या वाटेवरच्या लाल चिखलाने. भिंगातून पाहिले तर भोकाच्या कडेला पांढरट किंवा तांबूस पापुद्रा दिसतो. साफ करण्याची रीत साधी आहे, पण ती जशीच्या तशी पाळावी. घड्याळ बंद करून पट्टा काढा. ते पाच एटीएमपर्यंत जलरोधक आहे ना, काचेला तडा नाही ना, हे आधी पाहा. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे तीन-चार थेंब टाकून घड्याळ त्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. मग नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, दोन-तीनदा झटका आणि भोके खाली येतील अशा बेताने सुती कापडावर रात्रभर वाळू द्या. कडकडीत गरम पाणी नको, हेअर ड्रायर नको, हवेचा पंप नको. टाचणी, सुई, टूथपिक तर अजिबात नको. भोकामागे बारीक पडदा असतो, त्याला छिद्र पडले की पाणी आत जाते आणि ते घड्याळ दुरुस्तीपलीकडे जाते. सिलिकॉनचे संरक्षक कव्हर लावले असेल तर तेही उतरवून पाहा; कित्येक कव्हर नेमकी भोकेच झाकतात.

यानंतर प्रश्न उरतो तो खरी उंची कुठून आणायची, हा. पुस्तकात किंवा पाटीवर लिहिलेली गडाची उंची यासाठी कामाची नाही. पन्हाळ्याचेच वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे छापलेले सापडतात, आणि ते दरवाजाचे, माचीचे की सर्वोच्च बिंदूचे हे कोणीच लिहीत नाही. त्यापेक्षा रेल्वे स्थानक गाठावे. फलाटाच्या टोकाला जो पिवळा फलक असतो, त्यावर स्थानकाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर त्या फलकाशेजारी उभे राहून तो आकडा घड्याळात भरावा आणि लगेच घरी यावे. घराच्या दारात दिसेल तो आकडा टिपावा आणि थेट स्थानकावर परतावे. समजा परतल्यावर घड्याळ फलकापेक्षा 4 मीटर जास्त दाखवते. जाऊन-येऊन हवा तेवढी सरकली. अर्ध्या वाटेवरच्या वाचनात त्याचा निम्मा वाटा धरायचा, म्हणजे घरच्या आकड्यातून 2 मीटर वजा करायचे. ही झाली आपल्या दाराची उंची. ती कायमची लिहून ठेवावी आणि प्रत्येक मोहिमेच्या सकाळी निघताना तीच भरावी. एक सकाळ खर्च होते, पण घड्याळ आहे तोवर ती पुरते.

उंचीऐवजी दाब भरायची सोय असेल तर हवामान खात्याचा समुद्रसपाटीला आणलेला दाब भरावा. वेधशाळेच्या जागेवरचा दाब भरला तर घोटाळा होतो. कोल्हापुरात या दोन आकड्यांत साठाहून अधिक हेक्टोपास्कलचे अंतर आहे.

उपग्रहावरून उंची भरण्याचा पर्याय सोपा वाटतो, पण तो जपून वापरावा. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे उभ्या दिशेतली चूक आडव्या दिशेपेक्षा मोठी असते. शिवाय उपग्रह मोजतात ती पृथ्वीचा आकार म्हणून गणितात धरलेल्या लंबगोलापासूनची उंची. आपल्या भागात सरासरी समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या साठ ते ऐंशी मीटर खाली आहे. बहुतेक घड्याळे ही दुरुस्ती स्वतः करतात, पण मोबाइलवरची काही अ‍ॅप करत नाहीत आणि कोल्हापूर 480 मीटरवर आणून ठेवतात. अशा अ‍ॅपशी ताडून घड्याळाला खोटे पाडू नये.

नकाशातून उंची घेणाऱ्या घड्याळांची अडचण वेगळी आहे. असे बरेच नकाशे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवर उभे आहेत आणि त्यांतला एक चौकोन साधारण 30 मीटरचा असतो. रंकाळ्याच्या काठावर त्याने काही बिघडत नाही. पन्हाळ्यावरच्या सज्जाकोठीच्या कड्यावर मात्र एकाच चौकोनात माथाही येतो आणि दरीही. जागा दहा मीटर सरकली की घड्याळ आपल्याला दरीत उतरवते. म्हणून कड्यापासून शंभरेक मीटर आत, सपाट मोकळ्या जागी थांबूनच नकाशाची उंची घ्यावी.

वाटेवरच्या काही गोष्टी. गार्मिनसारख्या घड्याळांत सेन्सर कशासाठी वापरायचा हे निवडता येते: फक्त उंची, फक्त दाब, किंवा आपोआप. चालताना ‘फक्त उंची’ ठेवा. वाटेवरच्या करपेवाडीला मुक्काम पडला की ‘फक्त दाब’ करा, म्हणजे रात्रीत उतरलेल्या दाबाची गणती चढाईत होणार नाही आणि वादळाचा इशाराही नीट मिळेल. सकाळी निघताना पुन्हा उंचीवर आणा. सुंतो कंपनीच्या घड्याळांत उपग्रह आणि दाब यांची सांगड बसायला चार ते बारा मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली थांबावे. चालता चालता सतत उपग्रहावरून दुरुस्ती करण्याची सोय उघड्या पठारावर चांगली, पण पावनखिंडीकडच्या गर्द झाडीत ती बंद ठेवलेली बरी.

वाराही उंची बदलतो. ताशी 50 किलोमीटरचा झोत थेट भोकावर आला तर दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने वाढतो आणि घड्याळ आपल्याला 9 मीटर खाली ढकलते. झोत ओसरला की पुन्हा वर. दिवसभर असे झोत येत राहिले तर न चढलेले शेकडो मीटर एकूण चढाईत जमा होतात. बाही घड्याळावर सैल ओढून घेतली की हे बरेच आटोक्यात येते. ओली आणि घट्ट बाही मात्र उलटे करते. भोकावर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि आकडा जागच्या जागी थिजतो. मुसळधार पावसात दर अर्ध्या तासाला हात जोरात झटकावा.

एक गोष्ट खरेदीआधीच पाहावी. सगळ्या स्पोर्ट्स वॉचमध्ये दाबाचा सेन्सर नसतो. गार्मिनच्या फोररनर 245 मध्ये तो नाही, 255 मध्ये आहे. सेन्सर नसलेले घड्याळ उपग्रहावरच उंची काढते आणि त्याला वरचे साफसफाईचे उपाय लागू पडत नाहीत. साफ करून, चोवीस तास वाळवून, सॉफ्टवेअर अद्ययावत करूनही जिन्याच्या चाचणीत आकडा हलत नसेल किंवा काचेखाली वाफ धरली असेल, तरच अधिकृत सेवा केंद्र गाठावे. जाताना जिन्याचे आणि फेरीचे आकडे तारीख-वेळेसह कागदावर लिहून न्यावेत. ‘उंची चुकते’ एवढ्याच तक्रारीवर घड्याळ बहुधा नुसते रीसेट होऊन परत येते.

शेवटी प्रशासनाला एक विनंती. रेल्वेच्या फलकासारखा खात्रीचा आकडा डोंगरवाटांवर कुठेच नाही. रंकाळा, शिवाजी विद्यापीठाचे प्रवेशद्वार, वाघबीळ, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, जोतिबा मंदिराचा परिसर आणि पावनखिंड, एवढ्या सहा जागी जरी भारतीय सर्वेक्षण विभागाकडून मोजून घेतलेली उंची दगडात कोरून लावली, तरी हजारो धावपटू, सायकलस्वार आणि गडकरी मंडळींची सोय होईल. फलकावर उंची मीटरमध्ये असावी, ती नेमकी कोणत्या पायरीची किंवा दगडाची हे बाणाने दाखवावे आणि मोजणीचे वर्ष लिहावे. फलक खिंडीत किंवा कड्याच्या टोकाला न लावता वाऱ्याच्या आडोशाला, पण वर आकाश मोकळे असेल अशा जागी लावावा, म्हणजे तिथेच उभे राहून घड्याळ लावता येईल.

आपले,
घड्याळ दुरुस्ती आणि गडभटकंतीत रमलेले काही वाचक,
कोल्हापूर