अर्धी वाटी रवा

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "सकाळचं काय रे, चहात चार बिस्किटं बुडवली की झालं. एकट्यासाठी कोण घाट घालतो?" मी तेव्हा बसस्टँडवर होतो, गलबल्यात नीट बोलता आलं नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. वहिनी आणि मुलं इथे, तू तिकडे लातूरला. लेकीची बारावी होईपर्यंत असंच चालणार, म्हणजे अजून दीड वर्ष. एवढे दिवस बिस्किटांवर सकाळ काढू नकोस रे.

मी रत्नागिरीला बदलीवर होतो, आठवतं ना? पहिले चार महिने माझंही हेच चाललं होतं. अकरा वाजले की ऑफिसात डोकं धरायचं, कशात लक्ष लागायचं नाही. एकदा श्रावणात घरमालकीण काकूंनी ताटलीवर ताटली झाकून धोंडस पाठवलं. मोठं तवसं, म्हणजे जून काकडी, किसून, त्यात तांदळाच्या कण्या, गूळ नि खोबरं घालून जाड बुडाच्या पातेल्यात भाजलेलं. खाली चूल आणि झाकणावर निखारे. त्याची ती काळपट, खरपूस कड खाताना गावच्या घराची आठवण झाली, डोळ्यांत पाणी आलं. ताटली परत करायला गेलो तेव्हा विचारलं, काकू, माझ्या एकट्यापुरतं असं काही होईल का? त्या म्हणाल्या, "रवा असेल ना घरात? अर्धी वाटी घ्या."

तेव्हापासून रव्याच्या केकला अर्धी वाटी हेच माझं माप आहे. चौघांच्या मापाला चाराने भागत बसलं की अंड्यापाशी गाडी अडते. यात अंडंच नाही. अर्धी वाटी रवा, पाव वाटी दही, साधारण तेवढंच दूध, तीन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन चमचे पातळ तूप, वेलची, चिमूटभर मीठ. सगळं तुझ्या फळीवर असणारच, दही-दूध तर तू रोज आणतोस.

गूळ आधी दह्यात विरघळव. गरम दुधात घातलास तर दूध फाटेल. माझं दोनदा फाटलं. मग तूप, रवा, दूध घालून कालव आणि आंघोळीला जा. हा वेळ रव्याला द्यायलाच हवा. वीस मिनिटांत तो दूध पिऊन फुगतो, मघाशी पळीवाढं असलेलं पीठ घट्ट होतं. न भिजवता भाजलं तर दाताखाली कच्ची कचकच राहते. फार घट्ट वाटलं तर आणखी दोन चमचे दूध घाल.

खाण्याचा सोडा मात्र शेवटी, भांडं आत ठेवायच्या क्षणी. दह्यातल्या आंबटपणाला तो भिडला की लगेच बुडबुडे उठतात, आणि तेच आपल्याला पिठात धरून ठेवायचे असतात. आधी घालून आंघोळीला गेलास तर परत येईपर्यंत ते उडून जातील. आणि दोन चिमटीच, जास्त नाही. एकदा मी हलकं व्हावं म्हणून अर्धा चमचा घातला. रंग तांबूस-काळा आला आणि चव साबणासारखी. टाकून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं होतं.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड कढई घे, नॉनस्टिक नको, कोरडी तापवून ती खराब होते. तळाला बोटभर खडेमीठ, त्यावर कुकरमधली जाळी, वर घट्ट बसणारं झाकण. आंघोळ झाली की मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव. मग तूप लावून रवा भुरभुरलेल्या डब्यात पीठ ओतून तो आत ठेव आणि आच बारीक कर. पंचवीस-तीस मिनिटं लागतात. तोवर दाढी कर, कपडे इस्त्री कर, पण वीस मिनिटांच्या आत झाकण उघडू नकोस, मधोमध बसतं. सुरी घातली की कोरडी निघाली पाहिजे. तेच मीठ गार करून बरणीत भरून ठेव, ते महिनोन्महिने चालतं. फक्त जेवणात घ्यायचं नाही.

एक उणीव राहते. कढईत वरून धग नाही, त्यामुळे खालची बाजू छान भाजते आणि वरची पांढुरकी राहते. काकू निखारे का ठेवायच्या ते मला तेव्हा खरं कळलं. यावर माझा उपाय असा: दहा मिनिटं निवू द्यायचं, मग तव्यावर अर्धा चमचा तूप सोडून ती फिकी बाजू खाली टाकायची. दोन मिनिटांत गुळाचा वास बदलतो, साखर जळायच्या जरा अलीकडचा, किंचित कडवट. तो वास आला की उतरव. कड कुरकुरीत लागते, आत मऊ, ओलसर. चहा त्यानंतर ठेव. आणि बसून खा, मित्रा. ताटलीत घेऊन, खिडकीपाशी, बसून.

गूळ तिकडे चांगला मिळेलच. जाडसर बन्सी रवा मिळाला नाही तर कळव, पुढच्या महिन्यात येईन तेव्हा आणतो. आज पार्सलने माझा रत्नागिरीचा डबा पाठवतोय. पाच इंची, पत्र्याचा, एका बाजूला पोचा आलेला. अर्ध्या वाटीचं त्यात बरोब्बर मावतं. धुतल्यावर ओला ठेवू नकोस, कडेला गंज धरतो. पुसून, तुपाचं बोट फिरवून ठेव.

तुझाच,
जुना रूम पार्टनर