पापणी उचलून बघणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. आई आता विळीवर बसून नारळ खवते आणि बेड्यातून आत येणाऱ्याला नावाने हाक मारते. हे तुम्हाला कळवायचं होतंच, पण चार लोकांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहितोय.

देवगडहून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापुरात तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही बरीच दारं पुजली होती. आईची उजवी पापणी एकाएकी मिटली, डोळ्यामागे ठणका लागला. एकाने वयावर ढकललं, दुसऱ्याने शुगरवर. तिसऱ्याने टेबलापलीकडूनच बघून डोळ्यात घालायचे थेंब लिहून दिले. माझा राग अजून गेलेला नाही. पैसे गेले त्याचं काही नाही, पण जागचं उठून कुणी बघितलं नाही.

तुम्ही उठलात. फाइल बाजूला ठेवून आईसमोर स्टूल ओढलंत, तळवे एकमेकांवर घासलेत आणि म्हणालात, "काकी, हात गार आहेत हां माझे." मग अंगठ्याने ती पापणी अलगद वर केलीत. बुबुळ बाहेर आणि खाली गेलेलं, बाहुली मोठी झालेली, टॉर्च मारला तरी आवळत नव्हती. आई म्हणाली, "माका दोन-दोन दिसतत." तुम्ही म्हणालात, "दिसणारच. तुमचं बरोबर आहे." इतके दिवस "काही नाही हो" ऐकून घेणाऱ्या माझ्या आईला तुमचं बरोबर आहे असं म्हणणारे तुम्ही पहिले. तिला तिथेच रडू फुटलं.

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता. तो फुटला असता तर आज हे पत्र लिहायला कारणच उरलं नसतं.

बाबांना तुम्ही समजावलंत तेही विसरणार नाही. फुग्याचं तोंड रुंद, तो बुजवायला नुसत्या प्लॅटिनमच्या तारा भरल्या तर त्या परत धमनीत येतील, म्हणून तोंडावर स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी. बाबा विणतात त्या जाळ्याला आस, म्हणजे विणीतली भोकं, असतात तसे त्यालाही असतात, आणि त्यातल्या एका आसातून मायक्रोकॅथेटर, म्हणजे तारा नेणारी अगदी बारीक नळी, आत न्यायचा, असं तुम्ही सांगितलंत. जन्मभर जाळी विणलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनीच विचारलं, "अडकला तर?" अडकला आणि जोर केला, तर सुटताना झटक्यात पुढे जाऊन फुग्याला भोक पाडेल, हे तुम्ही लपवलं नाहीत. टोकाला आधी वाफेवर बाक देतो, म्हणालात, आणि अडलं की मागे घेतो, जोर करत नाही. बाबांनी सही केली ती त्या शेवटच्या शब्दांवर.

या तारांची पद्धत गुइदो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी काढली आणि अमेरिकेत तिला 1995 साली मान्यता मिळाली, हे मी मागाहून वाचलं. त्यांचे उपकार आहेतच. पण यंत्रं आणि तारा विकत मिळतात. गार हाताबद्दल आधी सांगणारं माणूस नशिबानेच भेटतं, आणि अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे लोक घाट चढून येतात.

पापणी अजून पूर्ण उघडत नाही. नस सावकाश सुधारेल हे तुम्ही सांगितलंच होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करणार नाही.

एक मागणं आहे. सवड काढून एकदा देवगडला या. एकाएकी मिटलेली पापणी आणि मोठी झालेली बाहुली दिसली तर थेंब देऊन घरी पाठवायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे आमच्या आशाताईंना आणि गावोगावच्या डॉक्टरांना तुमच्या तोंडून ऐकू दे. गाडी, जागा, माणसं, सगळं मी बघतो.

आपला कृतज्ञ,
काकींचा मुलगा