ॲनिमेशन स्पर्धेची एक अट आणि मुक्त सॉफ्टवेअर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातील शालेय विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या एका ॲनिमेशन स्पर्धेच्या माहितीपत्रकात यंदा अशी अट आहे की, चित्रफितीसोबत एका ठरावीक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली मूळ फाइल जोडणे बंधनकारक राहील. हे सॉफ्टवेअर वर्गणी भरूनच वापरता येते. आयोजकांचा हेतू वाईट नसावा. दुसऱ्याचे काम आपले म्हणून पाठवण्याचे प्रकार घडतात आणि मूळ फाइल मागितली की त्यांना थोडाफार आळा बसतो, हे मला मान्य आहे. परंतु या एका अटीमुळे सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांतील अनेक शाळा स्पर्धेबाहेर राहतील किंवा चोरीची प्रत संगणकावर बसवून आत शिरतील, आणि हा दुसरा मार्ग पहिल्याहून वाईट आहे.

चोरीच्या प्रतीबद्दल आपल्याकडे फारसे कोणी गंभीर नसते. माहितीतला कोणीतरी पेन ड्राइव्हवर ‘क्रॅक’ आणून देतो आणि काम सुरू होते. प्रत्यक्षात १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला कायद्याचा आदर शिकवायचा आणि त्याच शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत हे चालू द्यायचे, याला काय म्हणावे?

मी चित्रकला शिक्षक आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. म्हणून हे लिहिताना माझा दृष्टिकोन चित्र काढणाऱ्या मुलाचा आहे. द्विमितीय ॲनिमेशनसाठी आज जी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर (म्हणजे ज्यांची मूळ संहिता खुली असते आणि जी कोणालाही वापरता, बदलता व वाटता येतात) उपलब्ध आहेत, त्यांत शालेय स्पर्धेला लागणारे सर्व काही करता येते. मात्र त्यांपैकी प्रत्येकाचा पिंड वेगळा आहे आणि तो ओळखून निवड न केल्यास मुले वैतागतात. त्यामुळे थोडे तपशिलात जाणे भाग आहे.

अगदी सुरुवातीला पेन्सिलटूडी योग्य. हे लहानसे सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरही चालते आणि त्याच्या पडद्यावर गोंधळून जावे इतकी बटणे नाहीत. आधीचे व पुढचे चित्र फिकट दिसत राहते, त्यावरून मधले चित्र काढायचे, हे मुलांना पहिल्याच तासाला समजते. सेकंदाला चोवीस फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चौकटी) आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेमपुरते धरले, तर सेकंदाला बारा चित्रे लागतात; म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या गोष्टीला ३६० चित्रे. हा हिशेब फळ्यावर मांडला की मुलांच्या कथा आपोआप आटोपशीर होतात! ज्यांचा हात रंगकामात चांगला आहे त्यांना क्रिटा द्यावे. हे मूलतः चित्रकारांसाठीचे सॉफ्टवेअर असून २०१६ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात फ्रेमगणिक ॲनिमेशनची सोय झाली. त्यातील कुंचले अप्रतिम आहेत, पण कॅनव्हास मोठा घेतला तर ते संगणकाची मेमरी भराभर खाते. शाळेतल्या यंत्रावर चित्राचा आकार आवरता ठेवावा लागतो.

सिनफिग स्टुडिओ हा निराळा प्रकार. २००५ साली तो मुक्त परवान्याखाली खुला झाला. यात प्रत्येक चित्र नव्याने काढावे लागत नाही. आकृती एकदा तयार केली की सुरुवातीची आणि शेवटची स्थिती आपण ठरवतो व मधल्या स्थिती संगणक भरून काढतो. हाडांचा सांगाडा जोडून हात-पाय सांध्यांत फिरवता येतात, त्यामुळे त्याचे काम पुष्कळसे कळसूत्री बाहुलीसारखे चालते. आपल्या गोमंतकीय विषयांना ही पद्धत फार मानवते, असे माझे निरीक्षण आहे. चवथीच्या माटोळीची फळे एकेक करून लाकडी चौकटीला येऊन लागणे किंवा नरकासुराच्या अगडबंब देहाचा एकच हात सावकाश वर उठणे, हे सिनफिगमध्ये नवख्या मुलालाही जमते. मोरजीच्या मोरजाई मंदिरावर जी कावी कला दिसते, ती तांबड्या मातीच्या व पांढऱ्या चुन्याच्या सपाट आकारांची, ठसठशीत कडांची आहे. सावली नाही, रंगांचे मिश्रण नाही. सिनफिगमधील आकारही असेच सपाट आणि स्वच्छ कडांचे असतात. कावीतील एखादी वेल त्यात उतरवून ती उमलताना दाखवणे हा नववीच्या वर्गासाठी उत्तम स्वाध्याय ठरेल. परदेशी कार्टूनमधल्या पात्रांच्या नकला पाहून परीक्षकही कंटाळले असतील.

परंतु चित्रकला शिक्षक म्हणून मला सर्वांत मोलाचे वाटते ते ओपनटून्झ. इटलीतील डिजिटल व्हिडिओ या कंपनीचे टून्झ हे मूळचे विकाऊ सॉफ्टवेअर. जपानच्या जगप्रसिद्ध घिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओने ते अनेक वर्षे वापरले आणि स्वतःच्या गरजेनुसार त्यात भर घालून घेतली. २०१६ साली ड्वांगो या जपानी कंपनीने ते विकत घेऊन मुक्त स्रोत म्हणून जगाला खुले केले. त्याचे वैशिष्ट्य असे की, मुलाने कागदावर पेन्सिलीने काढलेली चित्रे स्कॅन करून आत घेता येतात, कागदाला पाडलेल्या भोकांच्या आधारे ती एकमेकांशी जुळवता येतात, रेषा स्वच्छ करून त्यांत रंग भरता येतो आणि पुढे एखाद्या पात्राच्या सदऱ्याचा रंग बदलावासा वाटला तर रंगपटात एकदाच बदल केला की तो सगळ्या चित्रांत होतो. ज्या शाळेत वीस मुलांमागे एक संगणक आहे, तिथे याचा अर्थ फार मोठा आहे, कारण एकोणीस मुले त्या वेळी बाकावर बसून कागदावर काम करू शकतात. त्याचा पडदा पहिल्या भेटीत घाबरवणारा आहे आणि ते मधूनच बंद पडल्याचा अनुभव पुष्कळांना येतो, म्हणून काम वारंवार सेव्ह करण्याची शिस्त हवी. त्यातूनच निघालेले टाहोमाटूडी हे भावंड हाताळायला थोडे सोपे आहे. ब्लेंडर या मुख्यतः त्रिमितीय कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधील ग्रीस पेन्सिल ही सोयही द्विमितीय कामासाठी समर्थ आहे. ज्यांची शंका अशी आहे की फुकटात मिळणाऱ्या साधनांनी चांगले काम होत नाही, त्यांनी लक्षात घ्यावे की २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच बनला आहे. तो त्रिमितीय आहे हे खरे. शिवाय ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्यांना बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते, त्यामुळे आपल्या शाळांसाठी तूर्त मी त्याचा आग्रह धरणार नाही.

मराठी शीर्षकांबाबत एक सूचना करतो, कारण जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी गेलेली चित्रफीत पाहणे हा माझ्यासारख्याला शारीरिक त्रास आहे. प्रत्येक ॲनिमेशन सॉफ्टवेअर देवनागरी नीट हाताळेलच असे नाही. शीर्षक इंकस्केप या रेखाटनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडने टंकावे, अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करावे आणि मगच ते ॲनिमेशनमध्ये आणावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फाँटही खुल्या परवान्याचे आहेत, तेव्हा तिथेही चोरीची गरज नाही.

या सर्व सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत ही सोय आहेच, पण शाळेच्या दृष्टीने परवान्यातील बाकीच्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. शाळेत वापरलेलीच प्रत मुलाला कायदेशीरपणे घरी नेता येते, मोठ्या भावाला देता येते आणि बारावीनंतर शाळा सुटली तरी ती बंद पडत नाही. तयार झालेल्या चित्रफितीवर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा कोणताही हक्क राहत नाही. ती पूर्णपणे मुलाची असते आणि हवी तर विकताही येते. सिनफिगची फाइल मुळात साधा मजकूर असतो, पेन्सिलटूडीच्या आणि क्रिटाच्या फाइली म्हणजे चित्रे व माहिती यांची झिप केलेली गाठोडी असतात, त्यामुळे वीस वर्षांनी कोणाला त्या उघडायच्या असतील तर मार्ग सापडेल. याउलट एकेकाळी जिकडेतिकडे शिकवल्या जाणाऱ्या, ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश या ॲनिमेशन सॉफ्टवेअरचे काय झाले, ते पाहावे. २०२०च्या अखेरीस कंपनीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि त्या काळात मुलांनी केलेली कामे ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. आज ती पुन्हा पाहायची तर रफल नावाचे एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच मदतीला येते, हा योगायोग मोठा बोलका आहे.

केरळचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. तिथल्या सरकारी शाळांत संगणकशिक्षण बऱ्याच वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालते आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’ या शालेय मंडळांतून मुले ॲनिमेशनही मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात. केंद्र सरकारनेही २०१५ साली सरकारी कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. गोव्यात ‘केअर्स’ योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले, संगणक शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण ॲनिमेशन हा विषय आला की तोही संगणक शिक्षकांच्याच गळ्यात पडतो आणि चित्रकला शिक्षक बाजूला राहतो. चेंडू जमिनीवर आपटताना चपटा होतो आणि उसळताना लांबट, घोडेमोडणीतला नाचणारा पाऊल टाकण्याआधी किंचित मागे झुकतो, हे पाहायला आणि काढायला शिकवणे हे आमचे काम आहे. शिक्षण खात्याने प्रशिक्षण ठेवल्यास ते दोघांना एकत्र द्यावे, आणि वर्गणीवर जाणारा पैसा साध्या पेन टॅबलेटसाठी वापरावा. माउसने चित्र काढायला लावणे ही मुलांना नकोशी शिक्षा आहे.

२००४ पासून इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, यजमानपद गोव्याकडे आहे आणि पणजीतील कला महाविद्यालयाला तर पन्नास वर्षांहून अधिक काळ झाला. अशा राज्यात शालेय ॲनिमेशनची वाट एका कंपनीच्या वर्गणीतून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

स्पर्धेच्या आयोजकांना विनंती आहे की, त्यांनी ही अट बदलून पुढीलप्रमाणे करावी: ‘चित्रफीत एमपी४ स्वरूपात पाठवावी, सोबत ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली त्यातील मूळ फाइल, मग ते सॉफ्टवेअर कोणतेही असो, अथवा कथाफलक (स्टोरीबोर्ड) व किमान दहा कच्ची रेखाटने जोडावीत.’ खरेखोटेपणा तपासण्यासाठी कच्ची रेखाटने मूळ फाइलपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण तयार फाइल इंटरनेटवरून उतरवता येते, पण त्या मुलाच्या हातची दहा कच्ची रेखाटने अशी उतरवून मिळत नाहीत. शुद्धिपत्रक चवथीच्या सुट्टीआधी शाळांपर्यंत पोहोचले, तर मुलांना सुट्टीत कामाला लागता येईल.

आपला विश्वासू,
एक चित्रकला शिक्षक
फोंडा, गोवा