वरच्या पट्टीबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. आई म्हणाली, "छान म्हणा आणि गप्प बसा." छान झालाय गाडीतल्या बॅटऱ्यांचा ट्रे, खरंच. अँगलचे कोपरे ४५ अंशांत कापून जुळवलेस, मला वाटलं होतं एकावर एक चढवून मोकळी होशील. कर्ण मोजलेस का विचारणार होतो, पण कोपऱ्यात टेप पडलेली दिसली.

बॅटऱ्या दाबून धरणारी वरची पट्टी कुठाय?

तू म्हणशील, तीस-तीस किलोच्या बॅटऱ्या कुठे उडून जातायत. चार मिळून १२० किलो होतात, आणि त्या तुझ्या पाठीमागे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर त्यांचा जोर दीड टनाच्या आसपास जातो. रात्री दोनदा मांडून पाहिलं. ट्रेची कड इंचभर उंच. गाडी कलंडली तर तेवढ्यानं काय अडणार आहे?

बाकी काही बोलणार नव्हतो. पण वेल्डिंग करताना बॅटऱ्या ट्रेमध्ये ठेवू नकोस. मापापुरत्या ठेवायच्या, टाचे, म्हणजे जोड धरून ठेवणारे छोटे ठिपके, मारायच्या आधी बाहेर. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत चार टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. टाचे समोरासमोरच्या कोपऱ्यांना मार, एकाच बाजूनं ओढत गेलीस तर ट्रे पिळतो. आणि गॅल्व्हनाइज्ड अँगल असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढ, त्याचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप भरतो.

झालं, सुरू झालो. रविवारी फोनवरही हेच केलं. "आधी सरळ रेघ ओढायला शीक" असं म्हणायला नको होतं. तुझे जोड माझ्या पहिल्या वर्षाच्या जोडांपेक्षा बरे आहेत. हे दादाला सांगू नकोस.

तू सात वर्षांची होतीस, माझ्या खांद्यामागून आर्क, वेल्डिंगचा तो झगझगीत उजेड, बघत उभी राहिलीस. मला कळलंच नाही. रात्री "डोळ्यांत वाळू गेलीय" म्हणून रडत होतीस आणि मी ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसलो होतो. आई तेव्हा काहीच बोलली नाही. अजूनही त्यावर बोलत नाही. पाठीमागे कोण उभं आहे ते मी बघायला हवं होतं.

म्हणून पट्टी, मनू. दोन आडव्या, बोल्टच्या, म्हणजे बॅटरी काढता येईल. खाली रबर घाल, आणि पट्टी टर्मिनलपासून लांब ठेव. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळ, हातातून निसटून दोन टर्मिनलवर आडवा पडला की संपलं.

पहिली फेरी मारशील तेव्हा कळव. आधी नाही कळवलंस तरी चालेल, नंतर कळव.

तुझा,
बाबा

ता. क. माझा जुना मास्क पाठवतोय. काच नवी बसवलीय, ११ नंबरची. पट्टा तुझ्या डोक्याला सैल होईल, भोक पाडून घे.