सुमे, अश्वगंधा घेण्याआधी

सांगली, रविवार

प्रिय सुमे,

तुझा मेसेज वाचला. उत्तर फोनवर द्यायला बसले असते तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. रात्री दोन-अडीचला खाडकन जाग येते, छाती धडधडते, मग उजाडेपर्यंत कूस बदलत पडून राहायचं आणि दिवसभर कशातच मन लागत नाही. त्यात वहिनींनी अश्वगंधेच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली आणि वर म्हणाल्या, "आयुर्वेदिकच आहे, काही होत नाही." घेऊ का, असं तू विचारलंयस. माझा त्या औषधावर विश्वास आहे. पण तुझी थायरॉइडची गोळी चालू आहे ना? मग रक्त तपासल्याशिवाय पहिली कॅप्सूलसुद्धा तोंडात टाकू नकोस.

याचं कारण आधी सांगते. २०१८ साली आपल्याच देशात एक चाचणी झाली होती. थायरॉइड किंचित मंदावलेल्या पन्नास लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अश्वगंधेच्या मुळाचा अर्क दिला, तर त्यांच्या रक्तातली थायरॉइडची संप्रेरकं वाढली. ज्याची ग्रंथी मंद आहे आणि गोळी चालू नाही, त्याला हे उपकारक ठरू शकतं. तू मात्र आधीच बाहेरून तेच संप्रेरक घेते आहेस. त्यावर ही भर पडली आणि प्रमाण वर गेलं, तर काय होतं? छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. सुमे, यातलं निम्मं तर तू मला आत्ताच लिहिलंयस! तुझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटचा कधी केला होता? गेल्या वर्षी तुझं वजन बरंच उतरलं, गोळी मात्र तीच आहे. कदाचित गोळीच आता जास्त होत असेल. तसं असेल तर तुला अश्वगंधा नको, डोस कमी करायला हवा, आणि तो तुझ्या डॉक्टरांनीच करायचा. परस्पर गोळी बंद करू नकोस.

रिपोर्ट नीट आला, डॉक्टर हो म्हणाले, तर पुढचं वाच.

ही वनस्पती तू पाहिलेली आहेस. आपल्याकडे तिला आस्कंद म्हणतात. पडीक जागेत, जुन्या भिंतीच्या कडेला कंबरेएवढं झुडूप येतं, पानं करडट हिरवी, आणि पातळ कागदासारख्या फुग्यात वाटाण्याएवढं लालभडक फळ. वांगी-मिरचीच्याच कुळातली. औषधाला वापरायचं ते मूळ. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे त्याची मोठी शेती आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरतात, जानेवारी ते मार्चमध्ये अख्खं झाड उपटतात, मुळं छाटून उन्हात वाळवतात. मालाची पारख मूळ मोडून करतात. जाड हवं, कटकन तुटायला हवं आणि आतून पांढरंशुभ्र हवं. मी कॉलेजच्या लॅबमध्ये मुळाचे तुकडे ठेवते. ताज्या मुळाला तबेल्यासारखा जो उग्र वास असतो, तो वाळल्यावरही थोडा उरतो, आणि मुलींना हुंगायला दिलं की त्या हात झटकतात. त्यांच्या हातात ते मूळ द्यायला मला फार आवडतं. पुस्तकातल्या चित्रावरून ते कळत नाही.

हे एवढं सांगण्याला कारण आहे. पानं स्वस्त पडतात, म्हणून काही ठिकाणी अर्कात पानंही जातात. पानांत विथाफेरिन-ए नावाचं द्रव्य मुळापेक्षा बरंच जास्त असतं, आणि पोटात घ्यायची परंपरा मुळाची आहे. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. वहिनींनी आणलेल्या बाटलीवर "मूळ" असं स्पष्ट लिहिलंय का ते बघ. नुसतं "अर्क" लिहिलं असेल तर ती बाजूला ठेव.

आता गुण येतो का? येतो, पण बेताचा आणि सावकाश. २०१९ मध्ये नवी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी निद्रानाशाच्या साठ रुग्णांवर दहा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. अर्क घेणाऱ्यांना डोळा लवकर लागू लागला, अस्वस्थपणाही उतरला. २०२१ साली अशा पाच चाचण्या, चारशे माणसं, एकत्र करून पाहिल्या. परिणाम लहान, पण खरा निघाला, आणि ज्यांना मुळात निद्रानाश आहे, जे रोज ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतात आणि किमान आठ आठवडे टिकून राहतात, त्यांच्यात तो अधिक दिसला. म्हणजे तिसऱ्या रात्री "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नकोस आणि फरक पडावा म्हणून दुप्पटही घेऊ नकोस. ताण आणि चिंता यांसाठी पुरावा बरा आहे, उदासीसाठी तेवढा भक्कम नाही.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी आमच्या वैद्यबाईंच्या सांगण्यावरून ती घेत होते. मला मध्यरात्री जाग यायची ती येतच राहिली. पण जाग आल्या आल्या पोटात जो गोळा यायचा, तो हळूहळू यायचा थांबला. मग उठून पाणी प्यायचं, परत आडवं व्हायचं, आणि कधी झोप लागली ते कळायचं नाही. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

चूर्ण घ्यायचं ठरलं तर असं कर. पाऊण कप दूध, पाऊण कप पाणी, त्यात अर्धा चमचा चूर्ण. मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत ढवळत राहायचं, कारण चूर्ण तळाशी बसतं आणि लागतं. वरून खडीसाखर, थोडं तूप. किंचित कडवट लागतं, घशाला खरखरतं. रात्री जेवणानंतर तासाभराने गरम गरम पी. ग्रंथात चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम दिलेली आहे, सुरुवात खालूनच कर. कॅप्सूलमधला अर्क दाट केलेला असतो, म्हणून चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही एकदम नाही.

आणि "काही होत नाही" हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. ज्याने गुण येतो त्याने अपायही होऊ शकतो. २०२० मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या पाच जणांची नोंद प्रसिद्ध केली. पाचही जण बरे झाले, असा प्रकार क्वचितच घडतो, पण घडतो. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. तू घेत असताना अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. भाऊजींना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांची साखर हिने आणखी खाली जाऊ शकते, म्हणून बाटली दोघांत वाटून घेऊ नका. प्राजक्ताला दिवस गेलेत, तिला तर चुकूनही देऊ नकोस. आणि ती कपाटातली झोपेची गोळी कधीमधी घेतेस, तिच्याबरोबर ही नको, गुंगी वाढते.

मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस, "सकाळी उठावंसंच वाटत नाही." ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर त्यावर मुळीचं दूध पुरे पडणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, आणि मी तुझ्याबरोबर येईन. एखाद्या रात्री फारच अंधारून आलं तर मला उठव, कितीही वाजलेले असोत. माझा फोन लागला नाही तर १४४१६ लाव, टेली-मानसची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

उद्या सकाळी थायरॉइडची गोळी घेण्याआधी रक्त दे. टीएसएच, टी-फोर, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह आणि यकृताची तपासणी, एवढं सांग त्यांना. रिपोर्ट आला की मला पाठव. डॉक्टरांची वेळ शनिवारची घे, मी शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने निघते.

तुझी,
नीला