उंची-वजनाची नोंद आणि वर्गातले शेरे

मा. संपादक,
स. न.

शाळा सुरू झाल्या की वर्गावर्गांत उंची-वजनाच्या नोंदी सुरू होतात. काटा टेबलापाशी ठेवायचा, हजेरी क्रमांकानं मुलं बोलवायची, शिक्षकांनी आकडा मोठ्यानं सांगायचा आणि पुढच्या बाकावरच्या कुणीतरी तो वहीत उतरवायचा, अशी अनेक शाळांची पद्धत आहे. ‘‘बावन्न? काटा मोडशील!’’ हा शेरा तिथंच पडतो. वर्ग हसतो आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाला नवं नाव चिकटलेलं असतं. खेळाच्या तासाला ‘काडीपैलवान’, स्नेहसंमेलनाच्या नाचात ‘‘तू मागच्या रांगेत’’, पोषण आहाराच्या पंक्तीत ‘‘पुरे आता, किती खाशील!’’ ‘मुलाच्या भल्यासाठीच बोललो’ असं शिक्षक म्हणतात आणि पुष्कळदा ते मनापासून म्हणतात. तरीही पालकांनी ही गोष्ट सोडून देऊ नये.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं मारण्याइतकीच मानसिक छळालाही बंदी घातली आहे. ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नावं ठेवणं, टोचून बोलणं आणि प्रकृतीवरून खिल्ली उडवणं हा मानसिक छळच आहे. पोषण आहाराचं प्रमाणही ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीसाठी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. ताटात किती वाढायचं, हे मुलाची अंगकाठी बघून ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

शिवाय हे शेरे बहुतेक वेळा अज्ञानातून येतात. पाळी सुरू होण्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांत मुलींचं वजन भराभर वाढतं, अंग भरतं. ही वाढीची रीतच आहे. काही मुलांच्या मानेमागची कातडी काळपट, जाडसर, मखमली दिसते. ‘‘मान घासून धूत नाहीस का?’’ असं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं जातं. तो मळ नसतो, त्यामुळे घासून जात नाही. वाढलेल्या वजनाबरोबर असे डाग दिसले तर शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. शिक्षकांच्या हे लक्षात आलं तर त्यांनी पालकांना बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जायला सुचवावं. त्याचा खरा उपयोग होईल.

मूल घरी येऊन सांगतं तेव्हा आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं. ‘‘तू काय केलं होतंस?’’ हा प्रश्न टाळावा. त्याच रात्री तारीख, तास, शिक्षकांचे नेमके शब्द आणि तिथं कोण होतं, एवढं लिहून ठेवावं. ‘सर नेहमी चिडवतात’ यावर शाळा काही करू शकत नाही. ‘गुरुवारी चौथ्या तासाला सर असं म्हणाले’ म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र लगेच लिहू नये. तासाभरात ते शिक्षकांपर्यंत पोचतं, चर्चा तुमच्या मेसेजची होते आणि मुलाचं नाव गावभर होतं.

पहिली भेट वर्गशिक्षकांची, शाळा सुटल्यावर, मुलाला सोबत न नेता. बोलणं मोजकं असावं: ‘‘वजनाबद्दल काही वाटलं तर आम्हाला एकट्याला सांगा. वर्गात, मैदानावर, जेवताना त्याच्याशी त्यावर बोलू नका.’’ मूल किती खातं, घरात कोण जाड आहे, थायरॉइड आहे का, याची सफाई देत बसू नये. तिथं विषय भरकटतो. वर्गासमोर माफीचा आग्रहही मुलाला विचारल्याशिवाय धरू नये. पुष्कळ मुलांना पुन्हा सगळ्यांच्या नजरेत यायचं नसतं.

आठवडाभरात फरक पडला नाही, किंवा शेरा फार गंभीर असला, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं. अर्जात कलम 17 चा उल्लेख करावा आणि ‘काय कार्यवाही केली ते लेखी कळवावे’ अशी स्पष्ट मागणी असावी. पुढची पायरी शाळा व्यवस्थापन समिती. शासकीय आणि अनुदानित शाळांत तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे पालकांनाच ठाऊक नसतं. त्यानंतर ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं लेखी तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. हा कायदा 14 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जावं. आयोगाकडे 18 वर्षांखालच्या कुणाचीही तक्रार चालते. मूल शाळेत जायलाच घाबरत असेल तर 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे.

या सगळ्यात घरी त्याची पोळी कमी करू नये. शेऱ्यानंतर लगेच ताट बदललं की सर म्हणाले ते खरंच, असं मूल समजतं. काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि आधीच्या वर्षांच्या नोंदी सोबत न्याव्यात. एका आकड्यावरून काही ठरत नाही. वाढीच्या तक्त्यावर रेघ कशी चालली आहे ते बघावं लागतं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. वजन वर्गाबाहेर, एका वेळी एकच मूल आत घेऊन, बूट काढून करावं. आकडा शिक्षकांनी स्वतः लिहावा, मोठ्यानं वाचू नये, मुलांकडून लिहून घेऊ नये. चाळीस मुलांच्या वर्गाला यासाठी फार तर एक तास जास्त लागेल.

– काही निवृत्त शिक्षिका व शालेय समुपदेशक, पुणे