आमच्या तीन डब्यांना ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जाताना तुम्ही बजावलं होतंत, माझं नाव कुठे छापायचं नाही. म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मात्र उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्याकडे जे केलंत ते जिल्ह्यातल्या इतर अभ्यासिकांना आणि शाळांनाही कळायला हवं. आमच्यासारखीच यंत्रं त्यांच्याकडे आहेत आणि तक्रारीही त्याच आहेत.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते आषाढात, पेपर वाचायला. वरच्या अभ्यासिकेतून "गेलं! परत गेलं!" असा ओरडा आला आणि तुम्ही मान वर करून विचारलंत, "काय गेलं?" मी म्हटलं, वायफाय. त्या दिवशी मी किती थकले होते ते तुम्हाला दिसलं असणार. आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय. अनुदानात पगार आणि पेपरांची बिलं कशीबशी भागतात. देणगीदारांच्या मागे लागून तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, घेतले होते. खाली देवघेव, मागे वाचनकक्ष, वर अभ्यासिका, असा प्रत्येकी एक डबा. स्पर्धा परीक्षेची साठेक मुलं रोज बसतात. लाइन शंभर एमबीपीएसची. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. मोडेमला वायर लावून वेग बघायचा, तो पूर्ण यायचा, आणि "लाइन ठीक आहे" म्हणून तो निघून जायचा. त्याचं खरंच होतं. लाइन ठीकच होती.

त्याच आठवड्यात आमची एक मुलगी भरतीचा अर्ज भरत होती, शेवटच्या दिवशी. फी भरायच्या पानावर चक्र फिरत राहिलं. खात्यातून पैसे गेले, पावती आली नाही. मोबाईलची रेंज मिळावी म्हणून ती भर पावसात एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. अर्ज गेला शेवटी, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही पेपर घडी घालून ठेवलात.

पोलिसांच्या बिनतारी विभागात तुमचं सगळं आयुष्य गेलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता हे डबे उघडतील. तुम्ही पहिला दिवसभर एकाही डब्याला हात लावला नाहीत. रद्दीत काढलेली जुनी सूचीपत्रं मागून घेतलीत, कोऱ्या बाजूवर एकेका टेबलाचा नंबर लिहिलात, आणि फोनवर सिग्नल मोजत टेबलामागून टेबल फिरलात. सकाळी खोल्या रिकाम्या असताना एकदा, अकरा वाजता मुलांनी भरल्यावर पुन्हा एकदा. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, ते वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर शोषून घेतं, म्हणून भरल्या खोलीचा आकडा वेगळा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका खाली तितका सिग्नल कमी. देवघेवीच्या टेबलावर उणे ४५, मागच्या कोपऱ्यातल्या १४ नंबरवर उणे ८३. तीन डेसिबल उतरले की ताकद अर्धी होते, हे तुम्ही समजावलंत आणि कागदावर गुणाकार मांडून दाखवलात. त्या दोन टेबलांमध्ये सहा हजार पटींहून जास्त फरक होता. मधे चिऱ्यांची दीड फुटी भिंत, आणि जांभा पावसाचं पाणी पिऊन बसलेला.

मग तुम्ही मला आणि वरच्या चार मुलांना खाली बसवून बिनतारीची शिस्त सांगितलीत. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं. बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकायचं. बोलून झालं की 'ओव्हर'. वायफाय हेच करतं, फक्त सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, हवा मोकळी दिसली तरी थोडा वेळ थांबतं, मग बोलतं, आणि पलीकडून पोच आली नाही तर पुन्हा बोलतं. "पयला आयकूचा, मगे बोलूचा," असं तुम्ही म्हणालात आणि मुलं हसली, पण ते वाक्य आता त्यांच्या तोंडी बसलं आहे.

आमचे तिन्ही डबे 'ऑटो'वर होते, म्हणजे आपलं चॅनल, म्हणजेच वाहिनी, स्वतःच निवडणारे, आणि वीज जाऊन आल्यावर तिन्ही सहा नंबरच्या चॅनलवर येऊन बसले होते. चॅनलची रुंदीही चाळीस मेगाहर्ट्झ ठेवलेली. म्हणजे एकाच चावडीवर तिघांनी हातपाय पसरून बसायचं. चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेली असतात आणि बोलायला वीस लागतात, म्हणून एकमेकांना न लागणारी तीनच उरतात: एक, सहा, अकरा. तुम्ही तिघांना ती वाटून दिलीत आणि रुंदी वीसवर आणलीत. शेजारच्या एका दुकानाचं वायफाय तीन नंबरवर आहे. ते सर्वांत त्रासाचं, असं तुम्ही म्हणालात, कारण एकाच चॅनलवरची यंत्रं एकमेकांचं ऐकून थांबतात, पण अर्धवट अंगावर आलेल्या चॅनलचं बोलणं कळतच नाही, त्याची नुसती खरखर होते. त्या दुकानात जाऊन, चहा पिऊन, त्यांचं चॅनल तुम्ही एकवर आणून दिलंत. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून कळलं.

ताकद कमी करण्यावरून मी तुमच्याशी वाद घातला, त्याबद्दल आज मोकळेपणाने लिहिते. सिग्नल पोचत नाही आणि हे ताकद उतरवतात, हे मला पटेना. तुम्ही चिडला नाहीत. डबा ओरडून बोलतो, ते फोनला ऐकू येतं, कांड्या पूर्ण दिसतात. पण फोनचा आवाज लहान, त्याचं उत्तर डब्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कांड्या भरलेल्या आणि पान हलत नाही. शिवाय कोणत्या डब्याशी बोलायचं ते फोन ठरवतो. खालचा डबा फार मोठ्याने बोलत असेल तर मुलगा वर जाऊन बसला तरी त्याचा फोन खालच्यालाच धरून राहतो. तुम्ही वीस डीबीएमवरून चौदावर आणलंत, म्हणजे शंभर मिलिवॉटवरून पंचवीसवर, आणि त्याच संध्याकाळी वरच्या मुलांचे फोन वरच्या डब्याकडे जायला लागले. मी स्वतः पाहिलं.

डब्यांच्या जागाही बदलल्यात. मागचा डबा लोखंडी कपाटावर, अँटेना आडव्या पडलेल्या. अँटेना म्हणजे काठी आणि सिग्नल म्हणजे तिच्यात ओवलेला मेदूवडा. काठी उभी असेल तर वडा खोलीभर आडवा पसरतो, काठीच्या टोकाच्या दिशेला मात्र भोकच. हे ऐकल्यापासून आमचा शिपाई झाडताना अँटेना सरळ आहेत का ते बघतो. डबा आता लाकडी तुळईला टांगलेला आहे.

तुम्ही शोधलेला एक दोष मला सर्वांत जवळचा वाटला. रोज चारच्या सुमारास नव्या मुलांच्या फोनवर 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' एवढंच दिसायचं. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला असा एक पत्ता लागतो. पत्ते होते शंभर आणि प्रत्येकाची मुदत चोवीस तास. सकाळी आलेला मुलगा दुपारी घरी गेला तरी पत्ता त्याच्याच नावावर. काका, हे तर आमच्या देवघेवीचं दुखणं! पुस्तकं शंभर, मुदत लांब, आणि दारात उभा असलेला वाचक रिकाम्या हाताने परत. तुम्ही मुदत दोन तासांवर आणलीत, पत्ते दोनशे केलेत. मागचा डबा तर राउटर म्हणून स्वतःच वेगळे पत्ते वाटत होता, एका गावात दोन तलाठी बसावेत तसा. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकून त्याचं वाटप बंद केलंत आणि तिन्ही डब्यांना कायमचे पत्ते दिलेत, शेवटी २, ३ आणि ४ असलेले. आता कुठला डबा रुसला ते मला टेबलावरून कळतं.

आम्ही हौसेने वायफायची चार नावं ठेवली होती: वाचनालय, ऑफिस, अभ्यासिका, पाहुणे. प्रत्येक नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी "मी इथे आहे" असं पुकारतं, आणि ११बी या जुन्या वायफाय पिढीच्या यंत्रांना समजावं म्हणून एक एमबीपीएसच्या मुंगीच्या वेगाने. चार नावं, तीन डबे, एकच चॅनल. तुम्ही हिशेब मांडलात तेव्हा हवेतला जवळपास चौथा हिस्सा वेळ नुसत्या पुकाऱ्यात चालला होता. नावं दोनच ठेवलीत, जुने वेग बंद करून पुकारा सहा एमबीपीएसवर नेलात, आणि तो खर्च एक टक्क्याच्या आत आला. जुने वेग बंद करण्यापूर्वी आमचा प्रत्येक संगणक, प्रिंटर आणि शिपायाचा जुना फोनसुद्धा जोडून पाहिलात. ती काळजी मी विसरणार नाही.

मुलांच्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन लावलंत, म्हणजे एकाच्या यंत्राला दुसऱ्याचं यंत्र दिसू नये. दुसऱ्या दिवशी मुलांचा प्रिंटर गायब झाला. कारण तुम्हाला लगेच कळलं. मुलांना फाइल ऑफिसात द्यायला सांगितलीत आणि प्रिंटर वायरीने ऑफिसच्या जाळ्यात घेतलात. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर ऑफिसच्या संगणकात आहेत, ते साठ अनोळखी फोनांच्या शेजारी नकोत, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. वायफायवरचं बोलणं गुप्त ठेवणारी जुनी पद्धत, टीकेआयपी, काढून फक्त नवी एईएस ठेवलीत. जुन्या टीकेआयपीवर ११एन या नंतरच्या पिढीची यंत्रंसुद्धा ५४ एमबीपीएसच्या वर जात नाहीत, हे किती जणांना माहीत असेल! पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडून देणारं डब्ल्यूपीएस बंद केलंत. डब्यांचा कारखान्यातला पासवर्ड बदलून नवा पाकिटात घालून कपाटात ठेवायला लावलात.

मी व्हिडिओत पाहून आरटीएस थ्रेशोल्डही बदला म्हणून मागे लागले होते. त्या आकड्याहून जास्त बाइटांचा संदेश असेल तर यंत्राने आधी डब्याची परवानगी मागायची. आमच्याकडे तो २३४७ होता, म्हणजे जवळजवळ बंदच. भिंतीच्या दोन बाजूंची मुलं डब्याला ऐकू येतात पण एकमेकांना नाही, म्हणून एकाच वेळी बोलतात, अशा वेळी तो उपयोगी पडतो हे तुम्ही मान्य केलंत, तासभर ५०० वर ठेवून मोजलंत, फरक पडला नाही, आणि परत २३४७ केलंत. बीकनच्या, म्हणजे त्या पुकाऱ्याच्या, १०० या आकड्याला (तेच ते १०२.४ मिलिसेकंद) तर हातच लावला नाहीत. एका वेळी एकच बदल, आधी पडद्याचा फोटो, वहीत वेळ, मग मोजणी. शास्त्राच्या तासाला हे आम्हालाही शिकवलं होतं, पण कोणी असं करताना मी पाहिलं नव्हतं.

एकदाच तुम्ही कठोर झालात. डब्यांत देश भलताच निवडलेला होता. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ साली परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. परवाना लागत नाही म्हणून नियम सुटत नाहीत, असं म्हणून तुम्ही तिन्ही ठिकाणी भारत निवडलात. वरच्या खोलीसाठी ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ३६ आणि मागे १४९. मधली चॅनलं रडारसोबत वाटून घ्यायची असतात, तिथे डबा सुरू झाल्यावर निदान एक मिनिट गप्प राहून ऐकतो, आणि आमच्याकडे पावसात वीज दिवसातून कितीदा जाते ते तुम्ही पाहिलंच होतंत. ज्या चिऱ्याच्या भिंतीने आम्हाला छळलं, तीच आता ५ गिगाहर्ट्झच्या खोल्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवते.

तुम्ही तीन दिवस दिलेत. मानधनाचं पाकीट परत केलंत आणि वार्षिक वर्गणी भरून सभासद झालात. श्रावणात आणखी एका भरतीची शेवटची तारीख आली. त्या संध्याकाळी अभ्यासिका भरलेली होती आणि बावीस मुलांनी इथेच बसून अर्ज भरले. मी खाली काउंटरवर कान वर लावून बसले होते. ओरडा आला नाही. आठ वाजता ती एसटी स्टँडवाली मुलगी खाली उतरली, म्हणाली, "बाई, पावती आली," आणि प्रिंट काढायला ऑफिसात गेली.

सूचीपत्रं मी खणात टेबलांच्या क्रमाने लावून ठेवली आहेत. १४ नंबर आता उणे ६१ आहे. भिंती वाळल्यावर मे महिन्यात पुन्हा मोजायचं असं तुम्ही ठरवलं होतंत. कोरी पत्रं बाजूला काढून ठेवते. मुलांना या वेळी स्वतः मोजायचं आहे, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

तुमची,
वाचनालयातली ग्रंथपाल